बोकडाच्या मांडीची ताल्याता: सीमाभागातल्या स्वयंपाकघरात हलका इटालियन स्टेक

इटलीत स्टेक दोन तऱ्हांनी जेवतात. एक फ्लोरेन्सची: किलो-सव्वा किलोचा, हाडासकटचा, चार-पाच सेंटिमीटर जाडीचा तुकडा निखाऱ्यावर भाजायचा, मधोमध ठेवायचा आणि वाटून खायचा. दुसरी ताल्याता: भाजलेलं मांस थोडं निवू द्यायचं, त्याच्या पातळ तिरप्या चकत्या करायच्या, त्या कडसर पाल्यावर पसरायच्या आणि वरून लिंबू, ऑलिव्ह तेल आणि चीजचे पापुद्रे घालायचे. या दुसऱ्या तऱ्हेत माणशी दीडशे ग्रॅम मांस पुरतं, निम्मं ताट पाल्याने भरतं आणि जेवून उठल्यावर जडपणा येत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या आपल्या पट्ट्यात घरी करायला हीच तऱ्हा योग्य, असं माझं ठाम मत आहे. कारण तिला लागणारं जवळपास सगळं आपल्या बाजारात मिळतं, आणि भाकरीबरोबर कच्चा पाला चावून खायची सवय आपल्या ताटाला आधीपासून आहे.

आधी मांसाचं बोलू. ताल्याता मुळात गोमांसाची असते. कर्नाटकात २०२०च्या कायद्याने गाय, बैल, वासरू यांच्या कत्तलीला बंदी आहे. म्हशी-रेड्यांचीही तेरा वर्षांच्या आत कत्तल करता येत नाही, आणि तेवढ्या वयाच्या जनावराचं मांस तव्यावर आठ-दहा मिनिटांत मऊ होणं शक्य नाही. त्यामुळे इथे बोकड घ्यायचा. यात काही उणं आहे असं वाटून घेऊ नका. रोम आणि भोवतालच्या लात्सियो प्रांतात कोवळ्या कोकराला मोठा मान आहे. तिथे त्याच्या चापा निखाऱ्यावर भाजतात आणि बोटांना चटके बसत असतानाच हातात धरून खातात. लिंबू, लसूण आणि ओव्याच्या जातीचा सुगंधी पाला मटणाला किती शोभतो, हे इटलीला चांगलं ठाऊक आहे.

हलकेपणाचा हिशेबही बोकडाच्याच बाजूचा आहे. चरबी काढलेल्या १०० ग्रॅम कच्च्या मटणात साधारण २० ग्रॅम प्रथिनं, दोन-तीन ग्रॅम चरबी आणि ११०च्या आसपास कॅलरी असतात. एका मोठ्या चमचाभर तेलात १२० कॅलरी. म्हणजे हात राखायचा तो तेलावर. बाटली थेट तव्यावर धरायची सवय असेल, तर या जेवणापुरती चमच्याने मोजायची सवय लावा.

खाटकाकडे काय मागायचं

चार माणसांसाठी दीड किलोच्या आसपासची मागची अख्खी मांडी घ्या. "मामा, मांडी अख्खी द्या, तुकडे करू नकासा," एवढं आधीच सांगून ठेवा, कारण सांगितलं नाही तर रश्श्याचे तुकडे पडायला क्षणभरही लागत नाही. रविवारी सकाळी दुकानात गर्दी असते आणि अशी मागणी ऐकून घ्यायला कुणाला वेळ नसतो. म्हणून शनिवारीच सांगून ठेवावं, किंवा सरळ आठवड्यातला निवांत दिवस निवडावा.

जनावर कोवळं हवं. मांडी आटोपशीर, मांसाचा रंग फिकट लालसर, चरबी पांढरी आणि हाड बारीक असेल तर बोकड कोवळा समजा. मांस गडद, चरबी पिवळट आणि मांडी दोन-अडीच किलोची असेल तर ती रश्श्यासाठी उत्तम, या कामासाठी नाही. मेंढीचं मटणही चालतं. त्यात चरबी जास्त असते, ती आधी काढून टाका.

मांडी अख्खी का ठेवायची

सगळ्या कृतीत ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, आणि रश्श्याच्या सवयीमुळे तिच्याकडे आपलं लक्षच जात नाही. जनावर कापल्यावर काही तासांत त्याचे स्नायू ताठरतात आणि मग हळूहळू पुन्हा सैल पडतात. रस्सा करताना याने काही बिघडत नाही, कारण दीर्घ शिजण्यात सगळं विरघळतं. तव्यावर भाजायच्या मांसाचं तसं नाही. ताठरलेलं मांस भाजलं की ते चघळतच राहावं लागतं. दुसरी गोष्ट अशी की ताज्या, अजून कोमट असलेल्या मटणाचे बिनहाडाचे तुकडे लगेच फ्रीजरमध्ये टाकले, तर थंडीने स्नायू आखडतात आणि झटपट भाजून ती आखड सुटत नाही. हाडाला धरून असलेल्या स्नायूला आखडायला वाव कमी मिळतो. म्हणून मांडी अख्खी आणायची आणि फ्रीजच्या नेहमीच्या भागात, चार अंश सेल्सिअसच्या आसपास, २४ ते ३६ तास ठेवायची. सर्वांत खालच्या कप्प्यात, पसरट ताटात ठेवा आणि वर पातळ कापड टाका, म्हणजे रक्ताचा थेंब दुसऱ्या कशावर पडणार नाही.

कच्ची पपई लावू नका. तिने वरचा थर पिठूळ होतो आणि आतला तसाच राहतो. दह्यात मुरवणंही इथे नको. ओलसर पृष्ठभागावर तव्याचा खमंग रंग चढत नाही, आणि या जेवणात चव त्या रंगातूनच येते.

हाडापासून सोडवणं

मांडी ओट्यावर आतली बाजू वर करून ठेवा. दोन स्नायूंच्या मधून पांढऱ्या पडद्याच्या रेषा जाताना दिसतील. धारदार छोट्या सुरीचं टोक त्या रेषांतून फिरवत गेलात की स्नायू एकेक करून अख्खे सुटतात. जोर लावावा लागत असेल तर रेष चुकली असं समजा. तीन मोठे स्नायू मिळतील: आतल्या बाजूचा, हाडाच्या पुढचा गोलसर, आणि बाहेरचा. आतला सर्वांत मऊ. बाहेरचा थोडा चिवट, त्याच्या चकत्या अधिक पातळ करायच्या. पोटरीचा भाग बाजूला ठेवा, तो भाजण्याजोगा नसतो.

मग प्रत्येक स्नायूवरचा चकचकीत पांढरा पापुद्रा काढा. सुरी त्याच्याखाली सरकवा, धार किंचित वर धरा आणि ओढत न्या. याला वेळ लागतो, पण टाळू नका. तो पापुद्रा तव्यावर आकसतो आणि मांसाची वाटी करून टाकतो. सगळं साफ झाल्यावर हातात सहाशे ग्रॅमच्या आसपास मांस राहील. जाड भाग तळहाताने दाबून तीन सेंटिमीटरवर आणा.

आता मीठ. मांसाच्या वजनाच्या एक टक्का, म्हणजे सहाशे ग्रॅमला बारीक मिठाचा एक सपाट छोटा चमचा. चारी बाजूंनी चोळा आणि जाळीवर ठेवून, न झाकता, किमान चार तास फ्रीजमध्ये ठेवा. रात्रभर ठेवलंत तर आणखी चांगलं. मीठ आधी पाणी बाहेर काढतं, ते पाणी मिठासकट पुन्हा आत मुरतं आणि वरचा थर कोरडा होतो. आणखी एक छोटी खूण: मांसातले धागे कोणत्या दिशेने जातात ते आत्ताच बघा आणि एका टोकाला धाग्यांना आडवा छोटासा काप द्या. भाजल्यावर धागे दिसत नाहीत, तेव्हा हाच काप सुरीला दिशा देतो.

पाला: ताटाचा अर्धा भाग

इटलीत ताल्यातेखाली रुकोला असतो, म्हणजे रॉकेटची तिखटसर पानं. मोठ्या दुकानात ती मिळाली तर घ्या, पण शोधत हिंडू नका. रॉकेट मोहरीच्या कुळातलं आणि आपला मुळाही त्याच कुळातला. मुळ्याची अगदी कोवळी, आतली पानं तोच झणका देतात. कडसरपणासाठी पाथरी घ्या, किंवा कानडी घरांत भाकरीच्या ताटात हमखास असते ती हक्करकी. चिकोरी नावाची कडू भाजी इटालियन लोक आवडीने खातात, आणि पाथरी तिच्याच कुळातली आहे. भाजीवाल्या मावशी पाथरीची जुडी आणतात ती बहुतेक वेळा पिठलं-भाकरी डोळ्यांसमोर ठेवून. मटणाच्या चकत्यांखाली ती किती उठून लागते, हे एकदा खाऊन बघावं.

चार जणांना पावणेदोनशे ग्रॅम निवडलेला पाला पुरतो. त्यातली निम्मी पाथरी किंवा हक्करकी, उरलेल्यात मुळ्याची पानं आणि कोवळी मेथी सारखी, वर कांद्याची पात. मेथीचे देठ घेऊ नका. एखादा घट्ट टोमॅटो बिया काढून चिरून घातला तर रंगही येतो आणि थोडा गोडवाही.

पाला कच्चा खायचा आहे, तेव्हा धुण्यात कसूर नको. भरपूर पाण्यात तीनदा खळबळून घ्या, दर वेळी पानं वर उचलून घ्या म्हणजे माती तळाशी राहते, आणि शेवटचं पाणी पिण्याचं वापरा. मग सुती पंचावर पसरून पूर्ण कोरडा करा. ओल्या पानांवर तेल-लिंबू टिकत नाही. भर पावसाळ्यात मात्र कच्च्या पाल्याच्या वाटेला जाऊ नये, असं मी आग्रहाने सांगेन. आपल्याकडे तेव्हा चिखल आणि किडी दोन्ही जास्त. त्या दिवसांत काकडीच्या चकत्या आणि उकळत्या पाण्यातून काढलेली घेवड्याची शेंग घ्यावी.

लिंबाचं पाणीदार कालवण

सिसिली आणि कालाब्रियात भाजलेल्या मांस-माशांवर साल्मोरील्यो घालतात: ऑलिव्ह तेल, लिंबू, लसूण, ओरेगानो. ओरेगानोचा वास ज्या कार्व्हाक्रोल नावाच्या द्रव्यामुळे येतो, ते आपल्या अंगणातल्या कुंडीतल्या ओव्याच्या जाड पानांतही भरपूर असतं. ज्या पानांची भजी करतो, तीच ही. चार जणांना दोन पानं बास. जास्त झाली तर बाकी सगळं झाकून टाकतात.

वाटीत दोन मोठे चमचे एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल, एका मध्यम कागदी लिंबाचा रस, एक चमचा गरम पाणी, ठेचलेली लसणाची एक पाकळी, बारीक चिरलेली ओव्याची पानं, चिमूटभर मीठ आणि भरड मिरी घ्या. काट्या-चमच्याने दुधाळ होईपर्यंत फेटा. गरम पाण्यामुळे थोडक्या तेलात सगळा पाला माखतो. ऑलिव्ह तेल हे असं शेवटी, कच्चंच वापरायचं. तव्यावर ते घालून त्याचा सुगंध जाळण्यात काही अर्थ नाही, तिथे शेंगदाण्याचं तेल चांगलं.

बरोबर काय

तोस्काना म्हणजे फ्लोरेन्सचा प्रांत. तिथल्या लोकांना बाकीचे इटालियन घेवडेखाऊ म्हणतात, इतकं त्यांचं पांढऱ्या घेवड्यावर प्रेम. आपण पांढरा राजमा घेऊ, दीडशे ग्रॅम. रात्रभर भिजवा, ते पाणी टाकून द्या. ताज्या पाण्यात दोन लसूण पाकळ्या आणि तमालपत्र घालून कुकरला एक शिटी करा, मग मंद आचेवर पंधरा मिनिटं. राजमा अर्धाकच्चा कधीही खाऊ नये, पोट बिघडतं. उघड्या भांड्यात शिजवणार असाल तर सुरुवातीची दहा मिनिटं खळखळून उकळी हवीच, आणि मग बोटांत दाबून सहज मऊ लागेपर्यंत शिजवा. मग कढईत छोटा चमचा तेल, लसूण आणि दोन टोमॅटो परतून त्यात राजमा आणि त्याचं थोडं पाणी घाला, दहा मिनिटं आटू द्या. तोस्कानात यात सेजची पानं घालतात. आपण चिमूटभर सुकी रोझमेरी घालू, नाहीतर तमालपत्रावर भागवू. राजमा नसेल तर चवळी घ्या, ती लवकर शिजते.

पास्ता करू नका. या जेवणाला ज्वारीची भाकरी लागते, आणि उत्तर कर्नाटकाची कडक भाकरी मिळाली तर फारच छान. तोस्कानाचा पाव बिनमिठाचा असतो, तशी आपली भाकरीही बहुतेक घरांत बिनमिठाचीच होते. ताटात उतरलेला मटणाचा रस आणि लिंबू-तेल टिपायला अशीच अळणी जोड हवी.

तवा

बेळगाव हे फौंड्र्यांचं शहर. उद्यमबागेत ओतकाम चालतं, त्यामुळे बिडाचं मोल इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बिडाचा जाड तवा उष्णता धरून ठेवतो आणि थंड मांस पडलं तरी लगेच गार होत नाही. नॉनस्टिक यासाठी घेऊ नये, तो एवढा तापवायचाच नसतो.

भाजण्याआधी अर्धा तास मांस फ्रीजबाहेर काढा आणि कापडाने टिपून अगदी कोरडं करा. तवा मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं तापवा, खिडकी उघडा. छोटा चमचा शेंगदाणा तेल तव्यावर न घालता मांसालाच चोळा. तव्यावर ठेवताच जोरात चर्र आवाज आला पाहिजे. नाही आला तर उचला आणि तवा आणखी तापू द्या. एका वेळी दोनच तुकडे ठेवा. दाटी केली की पाणी सुटतं आणि भाजण्याऐवजी शिजतं.

दर मिनिटाला उलटा. सारखं हलवू नये असं ऐकलेलं असतं, पण बोकडाचं मांस चरबीविना असतं. वारंवार उलटल्याने ते दोन्ही बाजूंनी सारखं शिजतं आणि कडेला करडी, कोरडी पट्टी पडत नाही. तीन सेंटिमीटरच्या तुकड्याला आठ-नऊ मिनिटं लागतात, पण वेळेपेक्षा तापमानावर भरवसा ठेवा. टोकदार सुईचा डिजिटल थर्मामीटर घेतलाच पाहिजे, असं मी म्हणेन. सुई सर्वांत जाड भागाच्या मध्यात खुपसा. ६१ अंश सेल्सिअसला उतरवा. आतली उष्णता पसरत राहते, दोन मिनिटांत आकडा ६३च्या वर गेला पाहिजे, आणि तिथून पुढे किमान तीन मिनिटं थांबायचं. नाही गेला तर पुन्हा तव्यावर ठेवा. आत किंचित गुलाबी, रसाळ मांस मिळेल.

घरात गर्भवती असेल, लहान मूल असेल, वयस्कर किंवा आजारी माणूस असेल, तर त्यांचा तुकडा ७१ अंशांपर्यंत न्या. अर्धकच्च्या मटणातून होणारा टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा संसर्ग पोटातल्या बाळाला घातक असतो, तिथे चवीचा विचार करू नये. पूर्ण शिजलेलं मटण थोडं घट्ट लागतं. त्याच्या चकत्या आणखी पातळ करा आणि लिंबाचं कालवण जरा सढळ घाला.

भाजलेला तुकडा जाळीवर एकूण सात-आठ मिनिटं ठेवा. ताटात ठेवलात तर खालची बाजू वाफेने मऊ पडते. लगेच कापलंत तर रस ओट्यावर वाहून जातो.

कापणं आणि वाढणं

मघाचा काप शोधा आणि सुरी त्याला समांतर, म्हणजे धाग्यांना आडवी, किंचित तिरपी धरून चार-पाच मिलिमीटरच्या चकत्या करा. हलकेपणा आणि मऊपणा दोन्ही या कापण्यात आहेत. लांब धागे आखूड झाले की दातांना काम उरत नाही, आणि दीडशे ग्रॅम मांस ताटभर पसरतं. जाड तुकडा तसाच वाढला तर तेवढंच मांस अपुरं वाटतं.

पाल्याला निम्मं कालवण अगदी शेवटच्या क्षणी हाताने हलकेच माखा. पसरट ताटात पाला, त्यावर चकत्या, त्यावर उरलेलं कालवण आणि जाळीखाली जमलेला रस. वर चीजचे पापुद्रे, चौघांत मिळून वीस ग्रॅम. अस्सल पार्मिजानो रेज्जानोमध्ये दूध साकळवायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. ते चालत नसेल तर भारतात बनणारं, हिरव्या ठिपक्याचं पार्मेझान घ्या. चव जवळची असते. शेवटी मिरी. वरून मीठ घालण्याआधी चाखून बघा, चीज खारट असतं.

राजमा आणि भाकरी वेगळ्या ताटात असू द्या. जेवणानंतर इटालियन रिवाजाप्रमाणे फळ: फेब्रुवारी-मार्चमध्ये विजयपूरकडची द्राक्षं, एरवी पेरू.

आठला जेवायचं असेल तर राजमा सहाला कुकरमध्ये जाऊ द्या. साडेसहाला पाला धुऊन पंचावर पसरा, सातला मांस फ्रीजबाहेर काढा, भाकऱ्या सव्वासातला करून घ्या. साडेसातला तवा चढवा. दोनच तुकडे एका वेळी जातात, त्यामुळे तवा आणि विसावा धरून अर्धा तास हाताशी हवा. कालवण मांस विसावत असताना फेटायचं, त्याआधी नाही.

श्रावणानंतर मांडीऐवजी सुरमई आणावीशी वाटली तर हीच पद्धत चालते. दोन सेंटिमीटरचे काप घ्या, मीठ अर्धाच तास आधी लावा, दर बाजूला तीन मिनिटं भाजा, आत ६३ अंश. मासा मात्र चकत्या न करता अख्खाच पाल्यावर ठेवा, नाहीतर विस्कटतो. लिंबू थोडं जास्त, चीज अजिबात नको.

उरलेलं मटण दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी ते गरम करू नका, कडक होतं. थंड चकत्या, कांदा आणि उरलेली पाथरी भाकरीत गुंडाळून डब्यात द्या. आणि बाजूला ठेवलेली पोटरी-हाडं आलं-लसूण घालून कुकरला लावा. ज्या मांडीतून ताल्याता झाली, त्याच मांडीतून चार वाट्या पांढरा रस्साही निघतो.